लाखेतला सनबर्स्ट

इलेक्ट्रिक गिटारच्या अंगावर मध्यभागी मधासारखा पिवळा आणि कडेकडेने तांबूस, मग जवळजवळ काळा होत जाणारा रंग दिसतो. त्याला ‘सनबर्स्ट’ म्हणतात. जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या टेंभुर्णीत, घरीच घडवलेल्या गिटारला हा रंग देताना एक प्रश्न माझ्यासमोर आला: त्यावर लॅकर कोणतं चढवायचं? उत्तर शोधताना मी मिरजेपर्यंत पोहोचलो.

आधी रंगाचं मूळ पाहू. जुन्या व्हायोलिनचं वार्निश वापराने झिजतं, मधला भाग उजळतो, कडा गडद राहतात. गिब्सन कंपनीने १९२२च्या आपल्या एल-५ गिटारला दिलेल्या छटेचं नाव ‘क्रेमोना ब्राउन’ असं होतं; क्रेमोना हे स्त्रादिवारीचं गाव. पुढे १९५४मध्ये फेंडरची स्ट्रॅटोकास्टर दोनरंगी सनबर्स्ट घेऊन आली आणि १९५८मध्ये त्यात लाल मिसळला. गडद कडेचा एक व्यवहारी उपयोगही आहे: लाकडाचे सांधे तिच्याखाली झाकले जातात.

‘लॅकर’ या शब्दाच्या मुळाशी आपली ‘लाक्षा’, म्हणजे लाख आहे. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर वाढणारा इवला कीटक जी राळ पाझरतो ती लाख. गाळून पातळ पापुद्रे केले की चपडा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वाद्यांची झळाळी परंपरेने स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याची. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं ज्या ७८ गतीच्या तबकड्यांवर उतरलं, त्याही चपड्याच्याच. १९२०च्या दशकात मोटारगाड्यांसाठी नायट्रोसेल्युलोजचं लॅकर आलं आणि तेच गिटारवर गेलं. त्यात लाख नाही, नाव मात्र लाखेचंच राहिलं.

या दोन्हींत एक महत्त्वाचं साम्य आहे. दोन्ही द्रावक उडून वाळतात आणि नवा हात खालच्या हाताला किंचित विरघळवून त्यात मिसळतो. त्यामुळे ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी नवा थर देता येतो. हार्डनर मिसळलेलं पॉलियुरेथेन कडक आणि टिकाऊ खरं, पण वाळल्यावर त्याचा नवा थर जुन्यात मिसळत नाही. दुरुस्तीची कड दिसत राहते. पिढ्यान्‌पिढ्या वाजवायच्या वाद्याला मला दुरुस्त होणारं अंग हवं होतं, म्हणून मी चपडा निवडला. घाम, उष्णता आणि मद्य यांपुढे तो नाजूक आहे, ही त्याची किंमत.

कृती अशी. सनबर्स्टला फिकट लाकूड लागतं. सागवान गडद आणि तेलकट, म्हणून शिवण बरं. १२०, १८०, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासावं. मग पाण्यात विरघळणारा पिवळा रंग सगळीकडे लावावा. पाण्यातलाच का? वरच्या थरातलं स्पिरिट त्याला सहसा ओढून नेत नाही. एक लिटर स्पिरिटला दीडशे ग्रॅम चपडा घालून त्याचा एक हात द्यावा. त्याच द्रावणात स्पिरिटचा तांबूस आणि नंतर तपकिरी रंग मिसळून स्प्रेगनने कडेवर फवारावा. गनचं तोंड बाहेरच्या बाजूला कललेलं असावं, म्हणजे उडालेले कण मध्यावर पडत नाहीत आणि छटा विरत जाते. एकदम गडद करू नये. पातळ फेऱ्यांनी रंग वाढवता येतो, कमी करता येत नाही. वरचे पहिले बिनरंगी हातही फवारूनच द्यावेत, कारण बोळा फिरवला तर कडेचा रंग पुसटतो. त्यानंतर बोळा चालतो. द्रावण ताजं हवं. फार दिवस ठेवलेला चपडा नीट कडक होत नाही. आणि वाफा पेट घेतात, म्हणून उघड्यावर, तोंडाला मास्क लावून, चुलीपासून दूर काम करावं.

ऋतूही पाहावा लागतो. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो. दमट हवेतलं पाणी त्यावर उतरतं आणि थर पांढुरका पडतो. पावसाळ्यात हा धोका मोठा. दसऱ्यानंतर मराठवाड्याची हवा कोरडी होते, तेव्हा हे काम साधतं. शेवटचा हात दिल्यावर किमान तीन-चार आठवडे थांबून मगच बारीक घासाई आणि चकाकी करावी. थर तोवर आक्रसत असतो.

पाश्चात्त्य गिटारचा हा रंग चढवायला जे द्रव्य लागतं, त्याचं नाव आपल्याच भाषेतून बाहेर गेलेलं आहे. ज्यांना वाद्य दुकानातून आणण्याऐवजी घडवायचं आहे, त्यांनी एकदा मिरजेचा तंबोरा जवळून पाहावा. झळाळी कशी चढते आणि कशी दुरुस्त होते, हे दोन्ही तिथं दिसतं.