वीज पडलेल्या माणसाला हात लावा

दुपारी तीनपर्यंत अंग भाजणारे ऊन, मग एकाएकी काळे ढग, धुळीचा लोट आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, पाथर्डीच्या शिवारात एकच धावपळ. काढून ठेवलेला कांदा झाकायचा असतो. चार माणसे ताडपत्रीची चार टोके धरून उघड्या रानात उभी असतात आणि तेवढ्यात वीज कडाडते. २०२५ च्या मे महिन्यात तर वळीव उघडायलाच तयार नव्हता. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला, तोवर कित्येकांचा कांदा रानातच भिजला होता. अशा दिवसांत माणूस आभाळाकडे पाहत नाही, मालाकडे पाहतो.

वीज अंगावर आली की माणूस जागीच संपला, असे धरून चालतात. प्रत्यक्षात विजेचा फटका बसलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण वाचतात, असा जगभरच्या डॉक्टरांचा अनुभव आहे. जे दगावतात त्यांतल्या काहींनाही वाचवता येते. पण त्यासाठी पहिल्या काही मिनिटांत कुणीतरी पुढे व्हावे लागते, आणि नेमके तेव्हाच लोक मागे सरतात. ‘हात लावू नका, अंगात करंट आहे’ असे कुणीतरी ओरडते. ते खरे नाही. घरातल्या तुटक्या वायरला चिकटलेल्या माणसाला हात लावू नये, कारण तिथे प्रवाह चालू असतो. आकाशातली वीज क्षणात येऊन जाते, शरीरात काही उरत नाही.

त्या क्षणात होते काय, तर हृदयाचे सगळे स्नायू एकदम आवळतात आणि ठोका थांबतो. हृदयाला स्वतःची चाल असते, त्यामुळे अनेकदा ते आपोआप पुन्हा सुरू होते. मेंदूतले श्वासाचे केंद्र मात्र जास्त वेळ बधिर राहते. श्वास नाही म्हणून प्राणवायू नाही, आणि प्राणवायू नाही म्हणून हृदय दुसऱ्यांदा थांबते. ते दुसरे थांबणे टाळता येण्यासारखे असते.

म्हणून माणूस निपचित असेल आणि श्वास घेत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने त्याला उताणे ठेवून छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून जोराने दाबावे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल इतके. ज्याला जमते त्याने दर ३० दाबांनंतर नाक धरून तोंडाने २ श्वास द्यावेत. विजेच्या रुग्णात हे श्वास फार मोलाचे ठरतात. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या दिसल्या म्हणून थांबू नये, विजेच्या फटक्याने त्या तशा होतात. एकाच वेळी अनेक जण पडले असतील तर कण्हणाऱ्याला थोडे थांबू द्यावे. आधी गप्प पडलेल्याकडे धावावे. वादळ डोक्यावरच असेल तर त्याला आडोशाला न्यावे, पण पिकअप येण्याची वाट पाहत नुसते बसू नये.

वीज थेट डोक्यावरच पडते असे नाही. झाडावर पडलेली वीज खाली उभ्या माणसावर उडी घेते किंवा जमिनीतून पसरते. झाडाखाली एकदम दहा-बारा मेंढ्या मरतात त्या यामुळे. पुढच्या आणि मागच्या पायांतल्या अंतरातून प्रवाह हृदयाकडे जातो. बांधावरची चिंच, कांदाचाळ, चारही बाजूंनी उघडे पत्र्याचे शेड हे आडोसे पावसापुरते, विजेपुरते नाहीत. पक्के घर किंवा काचा बंद केलेली मोटार बरी. चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. कांदा सोडावा आणि आत जावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ अॅप आपल्या परिसरातल्या विजेची सूचना मोबाइलवर देते.

पायाळू माणसावर वीज पडते, हा समज अजून गावोगावी आहे. अशा पोरांना आभाळ आले की घरात बसवतात, ते चांगलेच होते. बाहेर राहतात ती बाकीची सगळी!

‘काही झाले नाही’ म्हणत उठून बसलेल्यालाही दवाखान्यात न्यावेच. हृदयाचा आलेख काढावा लागतो. कानाचा पडदा फाटलेला असू शकतो. कधी पाय लुळे, निळसर आणि गार पडतात, ते बहुधा काही तासांत सुधारतात. अंगावर नेच्याच्या पानासारखी लाल नक्षी उमटली तर घाबरू नये, मलमही चोळू नये. एक-दोन दिवसांत ती जाते. डोळ्यांकडे मात्र पुढेही लक्ष ठेवावे, कारण मोतीबिंदू महिन्यांनंतरही येऊ शकतो.