म्हातारपण रोखणारी गोळी की आपलं संत्रं?



पहाटे जाळं काढायचं, मग दिवसभर पाण्यावरचं ऊन सोसायचं. चाळिशीतच तोंडावर साठीच्या सुरकुत्या येतात. अशात मोबाईलवर जाहिरात येते, "अँटिऑक्सिडंट गोळ्या घ्या, म्हातारपण थांबवा." पैसे घालण्याआधी एवढं वाचा.

डोंग्याच्या खिळ्याला गंज चढतो ना, थोडंफार तसंच शरीरात घडतं. ऊन, धूर, तंबाखू, आणि नुसता श्वास घेतल्यानंही फ्री रॅडिकल नावाचे कण तयार होतात आणि पेशींना इजा करतात. म्हातारपण यांच्यामुळेच येतं, असं अमेरिकेतल्या डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडलं. या कणांना आवरणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट.

मग रक्तात ते वाढवले की झालं? तसं नाही. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. सुरुवातीलाच ज्यांच्या रक्तात बीटा कॅरोटीन जास्त होतं, त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसला. पण ज्यांना त्याच्याच गोळ्या दिल्या, त्यांच्यात तो १८ टक्के जास्त निघाला! हा निकाल १९९४ मध्ये छापून आला. म्हणजे रक्तातला आकडा ही चांगल्या खाण्याची खूण असते. गोळीनं आकडा वाढवून तब्येत सुधारत नाही. युरिक ॲसिडही रक्तातलं अँटिऑक्सिडंटच, पण फार वाढलं की सांधे धरतात.

आता आपल्या घरचं बघू. शेळी व्हिटॅमिन सी स्वतःच्या शरीरात बनवते, माणसाला ते खावंच लागतं. आयसीएमआरच्या २०२० च्या हिशेबानं पुरुषाला रोज ८० मिलीग्रॅम, बाईला ६५. मध्यम आकाराच्या दोन संत्र्यांत ते जवळपास भागतं. पांढुर्णा-सौंसरात संत्र्याला काय तोटा? डाग पडलेलं, बारीक फळ स्वस्तात मिळतं, गुण तेच. संत्र्याचा हंगाम सरला की पेरू, आवळा आहेच. त्यांत सी आणखी जास्त.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बिडी ओढणाऱ्याच्या रक्तातलं सी कमी होतं. खर्र्यानं तोंडाचा कॅन्सर होतो, आणि ती भरपाई टोपलीभर संत्र्यांनीही होत नाही.

तेव्हा डोंग्यावर जाताना खर्र्याची पुडी घरी ठेवा, दोन संत्री सोबत घ्या. डोक्याला दुपट्टा बांधा. आणि हे आपल्या घरच्या बायामाणसांना, पोरांनाही वाचून दाखवा.