विहिरीवरची मोटर आणि हमीचा कागद

पारोळ्याच्या बाजूचा शेतकरी बैल घेतांना घाई करीत नाहीं. तो दांत पाहतो, खूर पाहतो, बैल चालवून पाहतो आणि ओळखीच्या चार माणसांना विचारतो. तोच शेतकरी विहिरीसाठीं पाणबुडी मोटर घ्यावयास गेला, कीं "एक वर्षाची वॉरंटी आहे" एवढ्या शब्दांवर व्यवहार पुरा होतो. हमीचा कागद खोक्याबरोबर घरीं येतो, कपाटांत पडतो, आणि ऐन उन्हाळ्यांत मोटर जळली म्हणजे प्रथम उघडला जातो. तोंपर्यंत त्याचा निम्मा उपयोग निघून गेलेला असतो.

दुकानदाराच्या तोंडीं 'गॅरंटी' म्हणजे वस्तु बदलून मिळणें आणि 'वॉरंटी' म्हणजे ती दुरुस्त करून मिळणें असा भेद असतो. कायद्यांत तो या अर्थानें नाहीं. मालविक्रीच्या १९३० च्या कायद्यानें करारांतील अटींचे दोन प्रकार मानले आहेत. जी अट कराराचा प्राण आहे ती मोडली तर माल नाकारतां येतो. जी दुय्यम आहे तिलाच तेथें वॉरंटी म्हटलें आहे, आणि ती मोडल्यास केवळ भरपाई मागतां येते. याच कायद्यांत आणखी एक उपयोगाची गोष्ट आहे. ग्राहकानें आपलें काम काय आहे तें सांगितलें आणि विकणाराच्या जाणतेपणावर विसंबून माल घेतला, तर तो माल त्या कामास योग्य असला पाहिजे, हें न लिहितांहि गृहीत धरलें जातें. मात्र एखाद्या कारखान्याचें नांव घेऊन "अमुकच मोटर द्या" म्हणणारास हा आधार बहुधा राहत नाहीं. म्हणून विहिरीची खोली व पाणी किती दूर न्यावयाचें तें दुकानदारास सांगावें, आणि त्याची नोंद बिलावर करून घ्यावी. दुकानदार कुरकुर करील; पण लिहून देईल.

आतां मुख्य प्रश्न असा, कीं हमी कशाची असते? कारखाना हमी देतो ती आपल्या मालांतील व आपल्या कारागिरींतील दोषाची. मोटर जळणार नाहीं, अशी हमी कोणीहि देत नाहीं. आणि खानदेशांत मोटरी जळतात त्या पुष्कळदां कारखान्याच्या दोषामुळें नव्हेत. तीन फेजपैकीं एक गेला, कीं चालू मोटर थांबत नाहीं. उरलेल्या दोन तारांतून ती अधिक प्रवाह ओढूं लागते, वाइंडिंग तापतें आणि तारेवरचें वेष्टन वितळतें. दाब कमी असला तरी हाच प्रकार घडतो. पाणबुडी मोटर तर भोंवतालच्या पाण्यानेंच थंड राहते. विहिरीनें तळ गांठला आणि मोटर कोरडी फिरली, कीं तिचें आयुष्य घटकेचें. शेतीची वीज अनेकदां रात्रीं येते. शेतकरी 'ऑटो' लावून निजतो, वीज आली कीं मोटर आपोआप सुरू होते, आणि खालीं पाणी आहे कीं नाहीं हें पाहणारा तेथें कोणीच नसतो. कांहीं जण दोनच फेज असतां कपॅसिटर जोडून तीन फेजची मोटर फिरवितात. पीक वाळत असतां माणूस काय करणार, हें खरें. पण कारखान्याचा माणूस मोटर उघडतो तेव्हां कांहीं गुंडाळ्या काळ्याठिक्कर आणि बाकीच्या स्वच्छ पाहून काय झालें असावें तें ओळखतो. तो 'हमींत बसत नाहीं' असा शेरा लिहितो, आणि तो शेरा बहुतेक वेळां खोटा नसतो. अशा भागांत फेज गेल्यावर मोटर बंद करणारें व पाणी संपल्यावर थांबविणारें साधन बसविलेला चांगला स्टार्टर एक वर्षाच्या जादा हमीपेक्षां अधिक मोलाचा आहे.

पंप, मोटर, स्टार्टर आणि केबल यांचे कारखाने कित्येकदां निरनिराळे असतात, आणि एकाची हमी दुसर्‍यास लागू पडत नाहीं. कोकणांतील मच्छीमाराचीहि हीच गत आहे. त्याची होडी बांधणारा एक आणि होडीच्या मागें लावण्याचें यंत्र करणारा दुसरा. त्या यंत्रांच्या हमींत तर हौसेसाठीं होडी चालविणारास अधिक मुदत आणि धंद्यासाठीं वापरणारास कमी मुदत, असा भेद पुष्कळ कारखाने करतात. शेतकर्‍यानेंहि आपल्या कागदांत वापराविषयीं असें कांहीं कलम आहे काय, तें पाहावें.

मुदत कोणत्या दिवसापासून मोजावयाची, हेंहि पाहिलें पाहिजे. 'विक्रीपासून १२ महिने किंवा कारखान्यांतून निघाल्यापासून १८ महिने, यांपैकीं जें आधीं संपेल तें', अशा धर्तीचें वाक्य अनेक कागदांवर असतें. वर्षभर दुकानांत पडून राहिलेली मोटर घेतली तर हातीं सहाच महिने उरतात. मोटरीच्या पट्टीवर निर्मितीचा महिना असल्यास तो वाचून मगच पैसे मोजावे.

खरी अडचण पुढेंच आहे. मे महिन्याच्या अखेरीस बागायती कपाशीची लागवड झालेली असते, ऊन रणरणत असतें, आणि मोटर बंद पडते. हमीचा मार्ग धरावा तर मोटर वर काढण्याची मजुरी आणि वाहतूक बहुधा पदरचीच. कारखान्याच्या केंद्राकडून ती परत येण्यास आठ-दहा दिवस लागले तर रोपें उभीं जळतील. गांवांतील वाइंडिंगवाला दुसर्‍या दिवशीं मोटर चालू करून देतो. पण त्यानें ती उघडली कीं हमी संपली. पिकाच्या नुकसानीची जबाबदारी छापील हमींत सहसा नसतेच. कोणता मार्ग धरावा याचें एकच उत्तर नाहीं. मात्र जवळचें दुरुस्ती-केंद्र जळगांवास आहे कीं धुळ्यास, दुरुस्तीस किती दिवस लागतात आणि तोंवर बदली मोटर मिळते काय, हें खरेदीच्या वेळीं विचारतां येतें. दोन मोटरींच्या किमतींत थोडाच फरक असेल, तर याच उत्तरावर निवड करावी.

सौर पंपाची गोष्ट थोडी वेगळी आहे. राज्य सरकारच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या योजनेंत पांच वर्षांच्या दुरुस्तीची हमी व विमा अंतर्भूत आहे. पण सौर पट्ट्यांवर लिहिलेलीं '२५ वर्षें' पाहून भुलूं नये. तो आंकडा बहुधा वीज-निर्मिति ठराविक प्रमाणाखालीं जाणार नाहीं एवढ्यापुरताच असतो. पट्टी फुटली तर ती बदलून मिळेल, असा त्याचा अर्थ नव्हे.

कारखान्यानें खरोखरीचा दोषहि नाकारला तर १९८६ च्या कायद्याच्या जागीं आलेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. स्वतःच्या कष्टानें पोट भरण्यासाठीं वस्तु घेणारा हा त्या कायद्याप्रमाणें ग्राहकच ठरतो. शेतकरी हा ग्राहक आहे, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं बियाण्यांच्या प्रकरणांत मान्य केलें आहे. कारखाना दूरच्या प्रांतांत असला तरी तक्रार करणारा जेथें राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे, म्हणजे पारोळेकरास जळगांवीं, दाद मागतां येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षें. पांच लाखांपर्यंतच्या खरेदीस फी नाहीं. १९१५ या क्रमांकावर दूरध्वनीनें प्राथमिक तक्रारहि नोंदवितां येते. वस्तु तपासल्यावांचून दोष ठरत नसेल, तर आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवूं शकतो. यासाठीं जळलेली मोटर भंगारांत देऊं नये, आणि वाद मिटेपर्यंत कोणास उघडूंहि देऊं नये.

या सर्वांस पुरावा लागतो, आणि तो पहिल्याच दिवशीं गोळा होतो. पक्कें बिल, त्यावर मोटरीचा क्रमांक, हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व तारीख. क्रमांकाची पट्टी मोटरीच्या अंगावर असते, आणि मोटर तर पाण्याखालीं जाते. म्हणून ती विहिरींत सोडण्यापूर्वीं क्रमांक वहींत उतरवून घ्यावा, किंवा पट्टीचें छायाचित्र काढून ठेवावें, आणि बिलावरच्या क्रमांकाशीं तो तेथेंच, दोर सोडण्यापूर्वीं, ताडून पाहावा.