मुरगळलेला पाय आणि तुटलेली शीर



या पानावर एरवी बेणेप्रक्रिया, पाचट आणि खोडवा हेच विषय असतात. या खेपेस विषय निराळा असला तरी फडातलाच आहे. गळीत सुरू झाले की आम्हां शेतकी खात्याच्या माणसांच्या कानी एक तक्रार हमखास येते, 'साहेब, पाय मुरगळला.' काळ्या रानातली खोल सरी, पाचटाखाली न दिसणारा बुडखा, नाहीतर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना घसरलेले पाऊल. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला गेलेल्या सभासदालाही हे चुकत नाही.

सांध्याची हाडे एकमेकांना बांधणारा चिवट पट्टा म्हणजे लिगामेंट. स्नायू हाडाला जोडणारी दोरी ती कंडरा. तिलाच आपण सरसकट शीर म्हणतो. पाऊल आत वळले की घोट्याच्या बाहेरचे लिगामेंट ताणते किंवा फाटते. सूज चढते, एकदोन दिवसांत काळे-निळे पडते.

आपला वसमतचा मुलूख हळदीचा. त्यामुळे पहिला इलाज ठरलेला: हळदीचा ऊन ऊन लेप, वर तेल लावून चोळणे, आणि कोणीतरी जाणता पाय ओढून बसवणार! हळदीशी आमचे भांडण नाही. पण ताज्या दुखापतीत आत रक्त साकळत असते. शेक आणि चोळण्याने सूज वाढते, आणि हाड मोडलेले असेल तर ओढल्याने ते सरकते. पहिले दोन-तीन दिवस या तिन्ही गोष्टी बंद ठेवाव्यात.

त्याऐवजी काम थांबवावे. बाईमाणूस असेल तर सूज चढण्याआधी जोडवी, पैंजण काढावेत. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, नसल्यास गार पाण्याची घडी, दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. बोटांकडून वर क्रेप बँडेज गुंडाळावे. बोटे बधिर किंवा निळी पडली तर लगेच सैल करावे. निजताना पाय उशीवर उंच ठेवावा. विश्रांती व बर्फाचा हा मंत्र अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ साली रूढ केला. बर्फाने भरून येण्यास उशीर होऊ शकतो, असे त्यांनीच २०१४ साली सांगितले. म्हणून बर्फ पहिल्या काही तासांत, ठणका कमी करण्यापुरताच. आणि पंधरा दिवस बाजेवर पडून राहणेही बरे नव्हे; दोन-तीन दिवसांनी सोसेल तसा घोटा हलवावा, चालावे.

हाड मोडले की नुसती लचक, हे ताडण्याचे नियम कॅनडातील ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडले. घोटा दुखतो आहे आणि चार पावलेही टाकता येत नाहीत, किंवा घोट्याच्या हाडाच्या टोकावर वा मागच्या कडेवर दाबले की कळ येते, तर एक्स-रे काढलाच पाहिजे.

टाचेमागची शीर तुटते ती मात्र फसवी. मागून कुणी लाथ मारल्यासारखे वाटते, कधी कट्कन आवाज येतो. माणूस लंगडत का होईना चालतो, म्हणून घरचे लचक समजतात. त्या एका पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कोयत्याचेही तसेच. जखम बोटभर, रक्तही थांबलेले. पण बोट वाकत नाही किंवा सरळ होत नाही, म्हणजे आत शीर कापली आहे. नुसते टाके घालून भागत नाही, शीर जोडावी लागते. उशीर झाला की ते अवघड होते. धनुर्वाताचे इंजेक्शनही विसरू नये.

खरी अडचण वेगळीच आहे. टोळीवर उचल असते. एक जण बसला की अख्खा कोयता बसतो. मग सुजलेल्या पायानेच मोळी उचलली जाते. साधी लचक सावरायला दोन-तीन आठवडे लागतात, लिगामेंट फाटले असेल तर दीड महिना किंवा अधिकही. मध्येच घाई केली की तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. मुकादमांनी आणि ज्यांच्या फडात टोळी आहे त्या सभासदांनी अशा माणसाला काही दिवस वाढ्यांच्या पेंढ्या बांधण्यासारखे बसून करण्याचे काम द्यावे. फळीवर आडव्या पट्ट्या ठोकून घ्याव्यात, आणि दोन क्रेप बँडेज कोपीवर असू द्यावीत.