दिल्लीतलं मूल आणि घरातली मराठी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दक्षिण दिल्लीत आयएनए मार्केटजवळ झाशीच्या राणीच्या नावाची सरकारी वसाहत आहे, लक्ष्मीबाई नगर. बदली होऊन अशा वसाहतीत आलेल्या मराठी घरांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. घरात मराठी, खाली खेळताना हिंदी, शाळेत इंग्रजी. मग मुलाचं बोलणं घडवणार कोण?

गैरसमज : दोन-तीन भाषा कानावर पडल्या की मूल गोंधळतं, उशिरा बोलतं.
वस्तुस्थिती : अनेक भाषांमुळे वाचादोष होत नाही. ‘मम्मा, पानी दे ना, तहान लागलीये’ हा गोंधळ नव्हे. जो शब्द आधी सुचला तो मूल वापरतं. मात्र दोन वर्षांचं मूल दोन शब्दही जोडत नसेल, तर भाषेला दोष न देता आधी त्याचे कान तपासून घ्यावेत.

गैरसमज : आईबाबा मराठी, म्हणजे मूल आपोआप मराठी बोलेल.
वस्तुस्थिती : आनिक द हाउवर यांनी 2007 साली बेल्जियममधल्या सुमारे 1900 बहुभाषिक कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. जवळपास चतुर्थांश कुटुंबांत आईवडिलांची वेगळी भाषा मुलं बोलतच नव्हती. मूल हिंदीत उत्तर देतं आणि आपणही नकळत हिंदीवर येतो, तिथेच मराठी मागे पडते.

गैरसमज : मराठी कार्टून लावून दिलं की झालं.
वस्तुस्थिती : पॅट्रिशिया कूल यांच्या 2003 च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांनी समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून चिनी भाषेतले ध्वनी ओळखायला शिकून घेतले, तेच पडद्यावर पाहणारी बाळं काहीच शिकली नाहीत. बाळाला डोळ्यांत पाहून बोलणारं माणूस लागतं.

गैरसमज : मूल ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणतं, हा आईबापांचा हलगर्जीपणा.
वस्तुस्थिती : इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स या नव्या शहरात पॉल कर्सविल यांना दिसलं, की चार वर्षांची मुलं आईवडिलांसारखे उच्चार करतात, आठ-बारा वर्षांची सवंगड्यांसारखे. दिल्लीच्या हिंदीत ‘ळ’ नाही, तेव्हा तो कानावर घालायचं काम घरालाच करावं लागतं.

गैरसमज : चूक झाली की तिथल्या तिथे टोकावं.
वस्तुस्थिती : सारखं टोकलं की मूल बोलायचंच टाळतं. ‘माझी पुस्तक कुठेय?’ असं ते विचारेल, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंग तर नाहीच. ‘तुझं पुस्तक ना? ते बघ टेबलावर!’ एवढं उत्तर पुरे. बरोबर रूप कानावर पडतं आणि गप्पाही चालू राहतात.

मुलाचा उच्चार मैदानात बदलेल, त्याची काळजी करू नका. पण जेवताना, केस विंचरताना, झोपवताना त्याच्याशी मराठीत बोला आणि त्याच्या उत्तराची वाट पाहा. हे काम शाळेवर किंवा मोबाइलवर सोपवू नका.