शिकाऊ माळ्याचे मन कामात कसे रमेल?

फळबाग लावावयाची तर प्रथम चांगले कलम हवे, आणि चांगल्या कलमासाठी शिकलेला हात हवा. १९९० साली महाराष्ट्रात फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली गेली, तेव्हापासून कलमांची मागणी पुष्कळ वाढली. परंतु रोपवाटिकेत काम शिकावयास आलेली मुले अर्ध्यावर निघून जातात, अशी बागाईतदारांची तक्रार असते. मुलांना कष्ट नकोत, हे त्याचे कारण सांगितले जाते. माझा अनुभव निराळा आहे.

कोकणातील एका रोपवाटिकेत मीच एका तरुणास शिकाऊ म्हणून पाठविले होते. दोन महिन्यांनी तो मला म्हणाला, "साहेब, मी रोज पिशव्या भरतो आणि पाणी घालतो. कलमाला अजून हात लावलेला नाही." धीर धर, असे मी त्यास सांगितले. ते माझे चुकलेच. त्याने भरलेल्या पिशवीचे पुढे काय होते, हे त्यास कोणी दाखविलेच नव्हते.

पुढे पावसाच्या आरंभी, मालकांशी बोलून, त्यास आंब्याच्या कोय कलमांचा एक लहान वाफा स्वतंत्रपणे देवविला. कोय रुजत घालण्यापासून कलम फुटेपर्यंतचे सर्व काम त्याचेच. पहिल्या खेपेस निम्म्याहून अधिक कलमे वाळली. तेव्हा तेथील जुन्या माळ्याने वाळलेली कलमे सोडून दाखविली. काडीची पाचर एका बाजूस जाड राहिली होती, त्यामुळे काडीची व रोपाची साल एकमेकींस भिडली नव्हती. सालीखालचा जिवंत थर जुळल्यावाचून सांधा जुळत नाही. पट्टी सैल राहिल्यास आत पाणी शिरते. काडीची पाने आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून का छाटतात, हेही त्यास तेव्हाच उमगले. त्यायोगे डोळे फुगतात व कलम लवकर फुटते.

दुसऱ्या खेपेच्या कलमांना तांबूस पालवी आली, त्या दिवशी सुटी असूनही तो वाफ्यापाशी बसून होता. काम सोडण्याची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

तात्पर्य, काम हलके असल्याने समाधान मिळते असे नाही. आपल्या श्रमाचा शेवट पाहावयास मिळाला आणि चूक कोठे झाली हे कळले, म्हणजे कष्टाचा कंटाळा येत नाही. मात्र केवळ कौतुकाने पोट भरत नाही. विद्यावेतन ठरल्या दिवशी मिळालेच पाहिजे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानेही शिकाऊ उमेदवारास कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानले आहे. शिकविणे हे मालकाचे कर्तव्य होय, उपकार नव्हे.

गावपातळीवरील कार्यकर्ते रोपवाटिकेस भेट देतात, तेव्हा कलमांची संख्या टिपून घेतात. त्याच वेळी शिकाऊ मुलास त्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. तुझा स्वतःचा वाफा कोणता? गेल्या खेपेस किती कलमे गेली, आणि का? विद्यावेतन वेळेवर मिळते काय? पहिल्या प्रश्नास तो बोट दाखवून उत्तर देऊ शकला नाही, तर त्याच दिवशी मालकांशी बोलावे.