रुळांवरचे भय : ‘डेड स्पेस : एक्स्ट्रॅक्शन’ची पारख कशी करावी?

व्हिडिओ गेमच्या दुनियेत ‘रेल शूटर’ हा प्रकार बराच जुना आहे. तरीही समीक्षकांच्या लेखी तो बहुधा दुय्यमच राहिला. या प्रकारात खेळाडूची वाट आधीच ठरलेली असते. कॅमेरा जणू रुळांवरून पुढे सरकत राहतो आणि खेळाडूच्या हाती नेम धरणे व चाप ओढणे एवढेच उरते. भूतबंगल्याच्या गाडीत एकदा बसल्यावर मध्येच उतरता येत नाही आणि गाडी मागेही वळवता येत नाही, तसाच काहीसा हा अनुभव असतो. ज्या खेळात पाय आपले नाहीत, त्यात खरी भीती निर्माण होऊ शकते का? २००९ साली निन्टेन्डो कंपनीच्या ‘वी’ या यंत्रासाठी आलेला ‘डेड स्पेस : एक्स्ट्रॅक्शन’ हा खेळ या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास उपयुक्त ठरतो.

नाण्यांच्या यंत्रापासून घरापर्यंत

या प्रकाराची लोकप्रियता वाढवण्यात जपानच्या सेगा कंपनीचा मोठा वाटा आहे. तिचा ‘व्हर्च्युआ कॉप’ १९९४ मध्ये आला. त्यानंतर काही वर्षांतच आलेल्या ‘द हाऊस ऑफ द डेड’ने चोर-पोलिसांच्या जागी चालती प्रेते आणली. त्यात संकटातील शास्त्रज्ञांना वाचवले की नाही, यावर पुढची वाट बदलत असे. हे खेळ मुळात नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांसाठी होते. साहजिकच ते छोटे, वेगवान आणि कठीण होते. खेळाडू हरला की पुढचे नाणे पडे.

त्या काळातील प्रकाश-बंदूक जुन्या काचनळीच्या पडद्यावर अवलंबून होती. पडद्यावर उमटणारा प्रकाश बंदुकीतील संवेदक टिपत असे आणि त्यावरून नेम कोठे होता हे यंत्राला समजे. सपाट पडदे आले आणि ही पद्धत निकामी झाली. ‘वी’ने वेगळा मार्ग काढला. दूरचित्रवाणी संचाजवळ ठेवलेली पट्टी अवरक्त प्रकाश सोडते व रिमोटमधील छोटा कॅमेरा तो टिपतो. त्यामुळे रिमोट रोखून नेम धरणे पुन्हा शक्य झाले आणि मागे पडलेला हा प्रकार घरात परतला. ‘रेसिडेंट ईव्हिल’ मालिकेतील ‘अम्ब्रेला क्रॉनिकल्स’ २००७ मध्ये, तर ‘द हाऊस ऑफ द डेड : ओव्हरकिल’ २००९ मध्ये याच यंत्रावर आले.

नेम कोठे धरावा?

‘एक्स्ट्रॅक्शन’ ही २००८ च्या ‘डेड स्पेस’ची पूर्वकथा आहे. व्हिसरल गेम्स आणि युरोकॉम यांनी ती घडवली व इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने प्रकाशित केली. एजिस सात या ग्रहावरील खाण-वसाहतीत एक गूढ स्तंभ सापडतो, माणसांना भास होऊ लागतात आणि प्रेते ‘नेक्रोमॉर्फ’ नावाच्या विद्रूप प्राण्यांत बदलतात. वाचलेल्या काही जणांची ‘इशिमुरा’ या अंतराळयानाकडे चाललेली धडपड हा कथेचा गाभा आहे.

पहिला निकष म्हणजे नेमबाजीत विचाराला जागा आहे का. बहुतेक अशा खेळांत डोक्यावर गोळी झाडणे पुरेसे असते. येथे मात्र शत्रूचे हातपाय तोडावे लागतात. कोणता अवयव आधी, कोणते शस्त्र, आणि रिमोट तिरका करून पात्याची दिशा बदलावी का, हे क्षणात ठरवावे लागते. दरम्यान वाटेतील गोळ्या व शस्त्रे कॅमेरा पुढे सरकण्याआधी दूरवरूनच ओढून घ्यायची असतात. अंधारात उजेड हवा असेल तर रिमोट हलवावा लागतो. पाय बांधलेले असले तरी हात आणि मन सतत गुंतलेले राहतात.

भीतीचे मोजमाप

दुसरा निकष अर्थातच भीतीचा. मूळ ‘डेड स्पेस’मध्ये दार उघडावे की नाही, या संकोचातूनच निम्मी भीती उपजते. रुळांवरच्या खेळात हा संकोच शक्य नाही; दार उघडतेच. त्याची भरपाई दिग्दर्शनाने करावी लागते. नजर केव्हा वळावी, शांतता किती टिकावी, हे चित्रपटाप्रमाणे येथे निर्मात्याच्या हाती असते.

‘एक्स्ट्रॅक्शन’ने हा अधिकार चतुराईने वापरला आहे. आरंभी आपण सॅम काल्डवेल या कामगाराच्या डोळ्यांनी पाहतो. सहकारी वेडे होऊन अंगावर येत आहेत असे समजून आपण गोळ्या झाडतो. पुढे उमगते की भ्रमिष्ट तर काल्डवेलच होता. आपल्याला दाखवले गेले तेच आपण खरे मानले. वाट निवडण्याचे स्वातंत्र्य नसणे ही उणीव येथे कथेचे बळ बनते. हा परिणाम मोकळेपणाने हिंडण्याच्या खेळात साधणे अधिक कठीण गेले असते.

उणिवाही आहेत. संवादांचे प्रसंग लांबतात आणि त्या काळात खेळाडू केवळ प्रेक्षक उरतो. धावण्याच्या प्रसंगांत कॅमेऱ्याच्या हेलकाव्यांनी नेम चुकतो. तेव्हा चूक आपली की खेळाची, हे कळेनासे होते. दोघांनी मिळून खेळल्यास मजा वाढते, परंतु भीती ओसरते. दहा प्रकरणांचा हा खेळ फार लांब नाही आणि दुसऱ्यांदा खेळताना दचकवणाऱ्या जागा पाठ झालेल्या असतात. नाण्याच्या यंत्रावर आखूडपणा खपतो. पूर्ण किंमत मोजून घरी आणलेल्या खेळात तो खटकतो.

गुणवत्ता आणि विक्री

समीक्षकांनी या खेळाचे चांगले स्वागत केले, परंतु विक्री निराशाजनक ठरली. २०११ मध्ये ‘डेड स्पेस २’च्या विशेष आवृत्तीसोबत तो प्लेस्टेशन ३ वर आला. पुढे युरोकॉम २०१२ मध्ये आणि व्हिसरल २०१७ मध्ये बंद झाली. मूळ ‘डेड स्पेस’ २०२३ मध्ये नव्या रूपात आला. ही पूर्वकथा मात्र त्यात नव्हती. ‘वी’चे उत्पादनही थांबले असल्याने आज हा खेळ मिळवून खेळणे सोपे राहिलेले नाही. चांगल्या पुस्तकाची प्रत ग्रंथालयात शोधता येते. जुन्या यंत्राशी जखडलेला खेळ त्या यंत्राबरोबरच विस्मरणात जाण्याचा धोका असतो.

पालकांसाठी एक सूचना आवश्यक आहे. युरोपातील ‘पेगी’ पद्धतीत या खेळाला १८ वर्षांची वयोमर्यादा आहे. ‘वी’ हे कुटुंबाचे खेळणे म्हणून ओळखले जात असले तरी हा खेळ मुलांसाठी नाही.

सारांश, अशा खेळाला ‘येथे मोकळेपणाने फिरता येत नाही’ असा दोष देणे म्हणजे आगगाडी रस्त्यावरून धावत नाही अशी तक्रार करण्यासारखे आहे. विचारायचे ते एवढेच, की रूळ कोठे नेतात आणि वाटेत काय दाखवतात. या कसोटीवर ‘एक्स्ट्रॅक्शन’ काही उणिवांसह उत्तीर्ण होतो.